नांगर, तलवार आणि कायदा

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या इतिहासांत इझ्रायल पटनम या नांवाचा कनेक्टिकट प्रांतींचा एक शेतकरी येतो. १७७५ च्या एप्रिल महिन्यांत लेक्झिंग्टन येथें गोळी झडल्याची वार्ता त्याच्या कानीं आली, तेव्हां तो शेत नांगरीत होता. त्यानें नांगर तासांतच उभा सोडला, घोड्यावर मांड ठोकली आणि अंगावरच्या कपड्यांनिशीं तो रणाकडे निघाला, अशी कथा तिकडील मुलांना सांगतात. कथेला थोडें मीठमिरें लागलें असेल. परंतु माणूस खरा होता. फ्रेंचांशीं झालेल्या पूर्वीच्या युद्धांत तो लढला होता, मग शेतावर परतला होता, आणि गांवानें निवडून दिल्यावर आपल्या वसाहतीच्या विधिमंडळांतही बसला होता. त्या काळच्या अमेरिकेंत अशीं माणसें गांवोगांव आढळत. पेरणीकापणीच्या दिवसांत शेतकरी, प्रसंग येतांच शिपाई आणि मतें मिळाल्यास कायदे करणाऱ्या सभेचा सभासद, अशी त्यांची तिहेरी ओळख असे.

त्या पिढीचे दोष झांकण्याचें आम्हांस कारण नाहीं. तिनें नांगरलेली जमीन मूळच्या रहिवाशांची होती, आणि वॉशिंग्टनसारख्या थोराच्याही शेतांत घाम गाळणारे गुलाम होते. तथापि १७८३ च्या २३ डिसेंबरला त्याच वॉशिंग्टननें ॲनापोलिस येथें काँग्रेसपुढें उभें राहून आपल्या सेनापतिपदाची सनद परत केली, ही गोष्ट विसरतां येत नाहीं. जिंकलेल्या सेनापतीनें निवडलेल्या सभेपुढें तलवार खालीं ठेवावी, असे प्रसंग जगाच्या इतिहासांत मोजकेच आहेत.

वाचकांपैकीं कित्येकजण मनांत म्हणतील कीं, हें सर्व साता समुद्रांपलीकडचें. आपल्याकडे असें कोण झालें? या प्रश्नाचें उत्तर शोधावयास आम्ही वाचकांना फार दूर नेत नाहीं. आमच्या वाचक कुटुंबांपैकीं बहुतेकांचे पाय जेथें एकदां तरी लागले असतील, त्या नरसोबाच्या वाडीच्याच मुलखांत, कोल्हापूर जिल्ह्यांतील शिरोळ तालुक्यांत, आज आपणांस जावयाचें आहे.

वाडीस कृष्णा आणि पंचगंगा यांचा संगम आहे, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु याच लहानशा तालुक्याच्या उत्तर अंगास वारणा कृष्णेला मिळते आणि दक्षिण अंगास दानवाडजवळ दूधगंगा मिळते, हें पादुकांचें दर्शन घेऊन परतणाऱ्याच्या सहसा लक्षांत येत नाहीं. चार नद्यांनीं आणून टाकलेली काळी माती, बारमास ओलावा आणि पावसाळ्यांत दाराशीं येणारें पाणी; जमीन अशी कीं जो तो तिच्यावर डोळा ठेवी. यामुळें या मुलखांत नांगर आणि तलवार हीं दोन्ही शतकानुशतकें शेजारीं नांदलीं. १७३१ च्या वारणेच्या तहानें सातारा आणि कोल्हापूर हीं छत्रपतींचीं दोन राज्यें वेगळीं झालीं, तेव्हां शिरोळचा भाग अगदीं सीमेवर आला. शेजारचें कुरुंदवाड लष्करी चाकरीच्या अटीवर पटवर्धनांकडे आलें. पुढें पटवर्धन आणि करवीरकर यांच्यांत अनेक वर्षें वैर चाललें, आणि १७९९ मध्यें पट्टणकुडीच्या लढाईंत परशुरामभाऊंसारखा कसलेला सेनापति करवीरच्या फौजेशीं लढतांना पडला. या सर्व काळांत रयतेचा क्रम ठरलेला असे. दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघावें, मृगाच्या आधीं परतून कुरी धरावी, आणि आपल्या गैरहजेरींत गांव कोणाच्या अमलाखालीं गेलें तें वेशीवर विचारावें.

म्हणजे शेतकरी शिपायाची आम्हांस कधींच वाण पडली नव्हती. वाण होती ती तिसऱ्याची. गांवच्या गोतसभा होत्या, त्या वतनाचे तंटे तोडीत, महजर करीत, साक्षी घेऊन निवाडा देत. त्यांची न्यायबुद्धि थोर होती असें आमचें मत आहे. परंतु गोतसभा कायदा सांगे, कायदा करीत नसे. बापजाद्यांपासून चालत आलेली रूढि काय आहे एवढेंच तिनें शोधावयाचें. ती रूढि अन्यायाची असल्यास ती बदलण्याचा अधिकार तिला नव्हता. तो अधिकार सरकारचा, आणि सरकार म्हणजे ज्याची तलवार त्या घटकेस वरचढ तो. जमिनीचा धनी बदलावयाचा तर लढाई, नाहींतर सनद, याहून तिसरा मार्ग रयतेला माहीत नव्हता.

तो तिसरा मार्ग ज्या पिढीनें उघडला, तिच्यांतील एक पुरुष याच तालुक्यांत जन्मला. मिरजेहून कोल्हापुरास जाणारी गाडी जयसिंगपूर सोडून पुढें गेली म्हणजे निमशिरगांव-तमदलगे नांवाचें लहान स्थानक लागतें. त्या निमशिरगांवीं १५ सप्टेंबर १९०९ रोजीं रत्नाप्पा भरमाप्पा कुंभार यांचा जन्म झाला. खेड्यांतला हा मुलगा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयांत पदवीधर झाला. अशा मुलास त्या काळीं संस्थानांत चाकरी धरून सुखानें राहतां आलें असतें. त्यांनीं माधवराव बागल यांच्या बरोबरीनें प्रजापरिषदेची वाट धरली.

प्रजापरिषद म्हणजे काय, हें आजच्या तरुण वाचकांस सांगणें अवश्य आहे. ब्रिटिश मुलखांतील लोकांना निदान अपुरीं कां होईना, विधिमंडळें मिळालीं होतीं. १९३७ पासून मुंबई इलाख्यांत लोकनियुक्त मंत्री होते. संस्थानी प्रजेला तेंही नव्हतें. शेतसारा राजानें ठरवावा आणि प्रजेनें भरावा. तो जड झाला तर अर्ज करावा. अर्ज फेटाळला तर पुन्हां अर्ज करावा. १९३९ सालची एक गोष्ट या दृष्टीनें मोठी बोधप्रद आहे. त्या वर्षीच्या जानेवारींत औंध संस्थानच्या भवानराव पंतप्रतिनिधींनीं महात्मा गांधींच्या सल्ल्यानें आपली सत्ता आपण होऊन प्रजेच्या हातीं दिली आणि गांवपंचायतीवर उभारलेली राज्यघटना जाहीर केली. पुढच्याच महिन्यांत शिरोळ तालुक्यांतील जयसिंगपूर येथें कोल्हापूर संस्थानची प्रजापरिषद भरली. तिनें जबाबदार राज्यपद्धति मागितली. औंधास जें न मागतां मिळालें, तें कोल्हापुरास मागूनही मिळालें नाहीं. मिळाली ती पुढाऱ्यांची धरपकड. ज्या जयसिंगपुरांत हें झालें तें गांव छत्रपति शाहू महाराजांनीं आपल्या जन्मदात्या वडिलांच्या नांवानें वसविलेलें होतें, आणि रयतेला सक्तीचें मोफत शिक्षण देणारेही तेच होते. वाचावयास शिकविलेली प्रजा एक दिवस हक्कही वाचून दाखविते, हें कोणाही राज्यकर्त्यानें गृहीत धरलेंच पाहिजे.

१९४२ उजाडलें तेव्हां अर्जांचा काळ संपला होता. राजाराम महाराज १९४० मध्यें वारले होते, गादीवर लहान मूल होतें आणि खरी सत्ता परक्यांच्या सल्ल्यानें चाले. रत्नाप्पा भूमिगत झाले आणि कित्येक वर्षें भूमिगत राहिले. हा सत्याग्रह नव्हता, हें स्पष्टपणें म्हटलें पाहिजे. या लढ्यांत शस्त्रें होतीं, तारा तोडणें होतें, सरकारी खजिन्यांवर छापे होते. १३ डिसेंबर १९४२ रोजीं गारगोटीच्या कचेरीवर जो हल्ला झाला, त्यांत सातजण प्राणास मुकले. त्यांतले बहुतेक खेड्यांतले तरुण होते. पटनमनें तासांत नांगर सोडला, त्याचें चित्र काढून अमेरिकेनें घरोघर लावलें. आमच्या या सातजणांचीं नांवें कोल्हापूरच्या वेशीबाहेर किती जणांस येतात, हें वाचकांनीं आपल्याच मुलांना विचारून पाहावें.

आणि आतां या चरित्रांतील सर्वांत नवलाचा भाग येतो. ज्या माणसानें संस्थानचा कायदा उघड मोडला, तोच माणूस थोड्याच वर्षांत देशाचा कायदा लिहावयास बसला. हिंदुस्थानच्या संविधान सभेंत संस्थानांचे जे प्रतिनिधि गेले, त्यांत कोल्हापूरकडील बा. ह. खर्डेकर आणि रत्नाप्पा कुंभार हीं दोन नांवें आहेत. कांहीं ठिकाणीं रत्नाप्पांना मसुदा समितीचे सभासद म्हटलेलें आढळतें, तें बरोबर नाहीं, डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील ती समिति अवघी सातजणांची होती आणि तींत ते नव्हते. परंतु संविधान सभेचें सभासदत्व हा काय लहान मान आहे? आपल्या मातीच्या माणसांस जो मान खरोखर मिळाला तोच पुरेसा थोर असतां त्यास वरून कल्हई लावण्याची गरज नाहीं.

संविधान लिहिलें जात असतांना इकडे कोल्हापुरांत काय चाललें होतें, तें आमच्या वाचक कुटुंबांपैकीं अनेकांना पुस्तकांतून वाचण्याची गरज नाहीं. तें त्यांच्या घरांतून सांगत आलें आहे. १९४८ च्या ३० जानेवारीस गांधीजींचा खून झाला आणि त्यानंतरच्या दिवसांत कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत ब्राह्मणांचीं घरें जळालीं. कोल्हापुरांत भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओलाही आग लावण्यांत आली. ज्यांचा त्या खुनाशीं कांहीं संबंध नव्हता, अशीं कुटुंबें एका रात्रींत बोडकीं झालीं. कित्येकांनीं गांव सोडलें तें कायमचें. पुढच्या वर्षीं, १ मार्च १९४९ रोजीं, कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें.

त्याच दशकाच्या आंत दुसरा बदल आला. १९४८ चा मुंबईचा कुळकायदा आणि त्याची १९५६ ची दुरुस्ती यांनीं असें ठरविलें कीं, १ एप्रिल १९५७ या दिवसापासून जो जमीन कसतो त्यानें ती विकत घेतली असें समजावें. किंमत सरकारी आकाराच्या वीसपट ते दोनशेंपट या मर्यादेंत ठरावयाची होती. मालक विधवा, अज्ञान किंवा अपंग असल्यास खरेदी पुढें ढकलण्याची तरतूद होती. या कायद्यानेंही आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरची जमीन गेली. शहरांत कारकुनी करणाऱ्या मुलाच्या म्हाताऱ्या आईला वर्षाचें धान्य त्या जमिनींतून येत असे, तें बंद झालें. किंमत तुटपुंजी वाटली आणि तीही हप्त्यांनीं आली. या दुःखास दुःख म्हणण्याची आम्हांस लाज वाटत नाहीं.

परंतु आम्ही वाचकांना एक विनंति करतों. आग आणि कुळकायदा या दोन गोष्टी आमच्या घरांत बहुधा एकाच सुस्काऱ्यासरशीं सांगितल्या जातात. "अठ्ठेचाळिसांत घर गेलें, सत्तावन्नांत शेत गेलें," असें वाक्य ऐकूं येतें. हीं दोन्ही गमावणीं एका पारड्यांत घालूं नयेत. घर गेलें तें जमावानें नेलें. त्याला विचारावयास कोणी नव्हतें, त्याच्यापुढें कागद ठेवावयास जागा नव्हती. शेत गेलें तें कायद्यानें गेलें. त्यापूर्वीं त्यावर सभागृहांत वाद झाला, कलमें छापलीं गेलीं, विधवेसाठीं अपवाद घातला गेला, कचेरींत दाद मागतां आली, आणि ज्यास तो कायदा अन्यायाचा वाटला त्यास पुढच्या निवडणुकींत विरुद्ध मत देतां आलें. आणि एक गोष्ट आपण विसरतों. ज्या कुळानें पिढ्यानुपिढ्या ती जमीन कसली, त्याला त्याआधीं यांपैकीं एकही सोय नव्हती. मालकाच्या मनांत आलें म्हणजे तो उठे. याच शिरोळच्या काळ्या मातीचे धनी मागील शतकांत कितीदां बदलले, आणि प्रत्येक वेळीं कितीजणांचें रक्त सांडलें, तें वर सांगितलेंच आहे. १९५७ मध्यें ते बदलले ते रक्ताचा थेंब न सांडतां. ज्याचें गेलें त्यालाही या फरकाची किंमत ओळखतां आली पाहिजे. नव्हे, ती किंमत त्यालाच सर्वांत अधिक कळावयास हवी, कारण त्यानें दोन्ही तऱ्हा अनुभवल्या आहेत.

आतां शेतकऱ्याकडे वळूं. रत्नाप्पाण्णांचा नांगर म्हणजे इचलकरंजीजवळचा पंचगंगा सहकारी साखर कारखाना. कोल्हापूरचा ऊस पूर्वीं गुऱ्हाळांत जाई. रात्ररात्र चुलाण पेटे, काहिलींत रस आटे, गुळाच्या ढेपा कोल्हापूरच्या शाहूपुरींतल्या बाजारांत जात आणि भाव अडत्याच्या रुमालाखालीं ठरे. पिकविणाऱ्यानें फक्त पट्टी घेऊन यावयाचें. साखरेचा कारखाना शेतकऱ्यांच्या मालकीचा असूं शकतो, हें १९५० च्या सुमारास प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनीं दाखविलें, आणि त्या मार्गानें लवकर निघालेल्यांत रत्नाप्पाण्णा होते. या कारखान्यांचें मर्म यंत्रांत नाहीं, घटनेंत आहे. शंभर भाग घेणारा असो कीं एक भाग घेणारा असो, सभासदाला मत एकच. तोडलेला ऊस फार वेळ पडूं दिला तर त्याची साखर घटते. म्हणून ज्याच्या हातीं गाळप त्याच्या हातीं शेतकऱ्याची मान. ती मान शेतकऱ्यानें आपल्याच हातीं ठेवावी, हा या घटनेचा अर्थ. संविधान सभेंत एक माणूस एक मत हें तत्त्व ज्यानें स्वीकारलें, त्यानें तेंच उसाच्या फडांत आणून लावलें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

महाराष्ट्राच्या विधानसभेंत त्यांनीं शिरोळचें प्रतिनिधित्व केलें. सत्तरीच्या दशकांत ते राज्यमंत्री झाले. १९८५ मध्यें त्यांना पद्मश्री मिळाली. आणि ऐंशी वर्षें पुरीं झाल्यावर १९९० मध्यें ते पुन्हां निवडून आले. परंतु मतदारसंघ कांहीं त्यांच्या मालकीचा नव्हता. १९५७ मध्यें याच शिरोळनें समाजवादी विचारांच्या सा. रे. पाटलांना निवडलें होतें, आणि मध्यें अन्य पुढारीही तेथून गेले. ज्यानें तलवार धरली त्यानें मतपेटीपुढें हात जोडून उभें राहावें, आणि लोकांनीं दुसऱ्यास निवडलें तर मुकाट्यानें घरीं जावें, हें शिपाईगिरीपेक्षां सोपें आहे असें ज्यांस वाटत असेल, त्यांनीं इतिहास पुन्हां वाचावा. रणांत मरणारे पुष्कळ मिळतात; हरल्यावर हंसतमुखानें घरीं जाणारे थोडे. २३ डिसेंबर १९९८ रोजीं रत्नाप्पाण्णा वारले.

त्यांचें काम सिद्धीस गेलें असें आम्ही म्हणत नाहीं. शेतकऱ्यांच्या मालकीचे म्हणून निघालेले पुष्कळ कारखाने पुढें थोड्या घराण्यांच्या मुठींत गेले, कित्येक कर्जांत बुडाले, आणि अडत्याच्या रुमालाखालून सुटलेला शेतकरी संचालकांच्या बंद दाराबाहेर ताटकळत उभा राहिला. परंतु याचें उत्तरही याच मातीनें शोधलें. ज्या जयसिंगपुरांत १९३९ मध्यें प्रजापरिषद भरली, त्याच जयसिंगपुरांत गेलीं कित्येक वर्षें गाळपाच्या हंगामाआधीं ऊस परिषद भरते. तेथें जमलेला शेतकरी आज आपल्याच निवडलेल्या संचालकांना जाब विचारतो. कधीं रस्ते अडतात, कधीं गाड्या थांबतात, आणि तें सर्वच आम्हांस रुचतें असें नाहीं. तथापि त्याच्या मागणीचा पाया पाहावा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशांत असें कलम आहे कीं, ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत कारखान्यानें पैसे दिले पाहिजेत. हा शेतकरी त्या कलमावर बोट ठेवून बोलतो. त्याच्या पणजाच्या हातांत भाला होता, आजाच्या हातांत अर्ज होता. याच्या हातांत कायद्याचें पुस्तक आहे. या चळवळीचे पुढारी राजू शेट्टी २००४ मध्यें शिरोळहून विधानसभेंत आणि पुढें २००९ व २०१४ मध्यें लोकसभेंत गेले, म्हणजे वाटही तीच राहिली.

आमच्या घरांतून आज मुलें विलायतेस जातात, अमेरिकेंत स्थायिक होतात, आणि तेथील शेतकरी-शिपाई-सभासदांच्या पुतळ्यांपुढें उभें राहून छायाचित्रें पाठवितात. याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु याच घरांतून "राजकारण म्हणजे चिखल, त्यांत आपण पडूं नये" हा उपदेशही मुलांना दुधाबरोबर मिळतो. हा उपदेश आम्हांस मान्य नाहीं. ज्यांनीं एकदां आग पाहिली आणि एकदां कायदा पाहिला, त्यांनीं तरी कायदा करण्याच्या कामास चिखल म्हणूं नये. गांवच्या ग्रामसभेस जावें, सोसायटीच्या वार्षिक सभेंत हिशेब विचारावा, मताच्या दिवशीं सुटी समजून सहलीस निघूं नये. पटनमचा नांगर आणि गारगोटीची गोळी यांपेक्षां हें फारच स्वस्त आहे. आणि पुढच्या खेपेस वाडीस जातांना निमशिरगांव-तमदलगे हें स्थानक आलें म्हणजे खिडकीशीं बसलेल्या मुलांना तें दाखवावें, आणि त्या गांवचा एक माणूस देशाचा कायदा करावयास गेला होता, एवढें तरी सांगावें.